घरातले-अंगणातले दिवे आणि आयपीचे आकडे: ४४, ६५, ६७ पैकी कुठे काय लावायचं?

चिऱ्याचं_घर

गुहागर तालुक्यात आमचं गावचं घर आहे. आई-बाबा आता कायमचे तिकडे राहायला गेलेत. जुनं वायरिंग काढून नवीन करून झालं, फक्त दिवे राहिलेत आणि ते आगोटीच्या आत लागायला हवेत. वायरमनदादा म्हणतात, सरसकट आयपी ६५ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाची खूण) घ्या, विषय संपला. दुकानदार म्हणतो, बाहेरसुद्धा ४४ चालतो, उगाच जास्त पैसे कशाला घालवता. ऑनलाइन बघायला जावं तर दिवा एकच, फोटोही तोच. एकाकडे ६५, दुसऱ्याकडे ६७, तिसऱ्याने नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहून हात झटकलेत.

जागा सांगते. फाटकाचे दोन चिऱ्याचे खांब आहेत, त्यांवर दिवे हवेत, वर आडोसा काही नाही. पडवी पश्चिमेला आहे, झापं लावली तरी पाऊस आडवा येऊन निम्मी पडवी भिजवतो. खळ्यात एक फ्लड लाइट, तो माडाला ठोकायचा बाबांचा विचार आहे. तुळशीपाशी जमिनीलगत एक छोटा दिवा, ही आईची हौस. बाथरूममध्ये आरशावर एक आणि छताला एक. समुद्र जवळ असल्यामुळे खारा वारा बारा महिने.

हे दोन आकडे नेमकं काय सांगतात, आणि कुठे किती पुरे? जाणकारांनी प्रकाश टाकावा, शब्दशः.


निवांत_काका

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या दिव्यांत दर पावसाळ्यात पाणी साठतं, त्यात किडे पोहत असतात.


टेस्टबेंच

दिव्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. ६५ म्हणजे पासष्ट नव्हे. सहा वेगळा, पाच वेगळा. पहिला आकडा घन वस्तूंचा, दुसरा पाण्याचा. त्यामुळे '६५ हा ४४ पेक्षा एकवीसने भारी' असला हिशेब इथे चालत नाही. हे सगळं आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, भारतीय मानक ब्यूरोनेही तेच स्वीकारलंय.

पहिला आकडा ० ते ६. दोन असेल तर बोट आत जात नाही, म्हणजे १२.५ मिमीपेक्षा मोठी वस्तू अडते. तीनला २.५ मिमी, चारला १ मिमी. पाच म्हणजे धूळ थोडी जाईल, पण दिव्याच्या कामात अडथळा येईल इतकी नाही. सहा म्हणजे धूळ अजिबात नाही. ५ आणि ६ ची चाचणी बंद कपाटात बारीक टाल्कम पावडर उडवून करतात. सहासाठी बहुतेक वेळा दिव्याच्या आतली हवा पंपाने थोडी खेचून घेतात, म्हणजे पावडरीला आत शिरायला मुद्दाम आमंत्रण. कोकणात धूळ कमी असली तरी हा आकडा किड्यांसाठी बघा. चार असेल तर पतंग अडेल, बारीक मुंगी अडेलच असं नाही. काकांच्या पार्किंगमधले पोहणारे किडे याच वाटेने आलेले असतात.

दुसरा आकडा बघताना लोक पावसाचा जोर बघतात. खरं तर कोन बघायला हवा. १ च्या चाचणीत पाणी सरळ वरून थेंबथेंब पडतं, मिनिटाला १ मिमी या वेगाने. तासाचे झाले ६० मिमी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्याची सरासरी ताशी ४० मिमीसुद्धा भरत नाही. म्हणजे मुंबई बुडवणाऱ्या पावसाची सरासरी 'एक' आकड्याच्या चाचणीपेक्षा कमी! तरी १ वाला दिवा बाहेर कुणी लावत नाही, कारण खरा पाऊस सरळ पडत नाही. २ मध्ये दिवा १५ अंश कलता करून बघतात. ३ मध्ये उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत दोन्ही बाजूंनी फवारा. ४ मध्ये सगळ्या दिशांनी, खालूनसुद्धा. तुमच्या पडवीतला आडवा पाऊस आणि फरशीवरून उडणारे शिंतोडे, दोन्ही चारमध्ये बसतात.

५ ला फवारा संपतो आणि धार सुरू होते: ६.३ मिमी तोंडाची नळी, मिनिटाला १२.५ लिटर, अडीच-तीन मीटरवरून, किमान ३ मिनिटं. बागेच्या पाइपने दिवा धुतलात असं समजा. ६ म्हणजे १२.५ मिमीची नळी आणि मिनिटाला १०० लिटर, ती जहाजाच्या डेकवरची गोष्ट. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणाऱ्याने सांगायचं. म्हणून नुसतं ६८ बघून हुरळू नका, पुढे खोली लिहिली आहे का ते वाचा. ९ सुद्धा आहे, त्यात ८० अंशांचं गरम पाणी प्रचंड दाबाने मारतात. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत लागतं, घरात कुणाच्या बापाला लागत नाही.

आता गंमत. ६ पर्यंत वरचा आकडा खालच्यांना पोटात घेतो. ७ आणि ८ तसं करत नाहीत. पाण्यात बुडवून पास झालेला दिवा धारेखाली नापास होऊ शकतो, कारण बुडवल्यावर दाब सगळीकडून सारखा पडतो आणि गॅस्केट (झाकणाच्या फटीतली रबरी पट्टी) उलट घट्ट बसतं. धार मात्र एकाच फटीवर आदळते. दोन्हींत पास असेल तर ६६/६७ असं दोनदा छापतात. म्हणजे फाटकावर ६७ लावून ६५ पेक्षा जास्त मिळालं असं समजू नका.

आणि आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे. ती बाजू सांगितलेली नाही, इतकाच अर्थ.


शंकासूर

माहिती झकास, पण हे सगळं प्रयोगशाळेत. आमच्या फाटकावर ६५ चा दिवा होता, छापलेला ६५, दुकानदाराने शपथेवर दिलेला. पहिल्याच श्रावणात काचेच्या आत पाण्याची रेघ. मग ते टाल्कम पावडर वगैरे कशाला? मी म्हणतो स्वस्तातला घ्या, दोन पावसाळे वापरा, फेका, नवा लावा.


वायरमन_कुडाळ

शंकासूरभाऊ, तुमचा दिवा खराब नसणार. पानी खयसून येता ता आदी बघा, असं आमच्याकडे म्हणतात. मी इतके वर्षं काम करतोय, पाणी काचेच्या बाजूने आलेलं क्वचित बघितलं. येतं ते वायरच्या भोकातून आणि मागच्या भिंतीतून.

दिव्याला मागे किंवा खाली ग्लँड असतो. त्यात रबरी वाटी असते, ती वायरभोवती आवळली की बंद. पण ती गोल केबलसाठी बनवलेली आहे. आपल्याकडे वायरमन एक स्क्वेअरच्या (१ चौरस मिमी जाडीच्या) दोन सुट्या वायरी त्यातून ओढतात, काही जण तिसरी अर्थिंगची घालतच नाहीत. दोन गोल वायरी शेजारी शेजारी ठेवल्या की मध्ये फट राहणारच, कितीही आवळा. मग लावा ६५ नाही तर ६७, त्या फटीचा आयपी शून्य. तीन कोअरची गोल केबल घ्या, ग्लँडवर लिहिलेल्या जाडीत बसणारी.

दुसरं, वायर वरून सरळ दिव्यात उतरवायची नाही. आधी खाली झोळ द्यायचा आणि मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली गळून जातं.

तिसरं, चिरा पाणी पितो. चिऱ्याच्या खांबावर दिवा ठोकला तर पाणी मागून येतं. दिव्याच्या पाठीला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा, खालची बाजू मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत आलेलं पाणी जाणार कुठे?

चौथं, खांबातून येणारा पाइप. जमिनीखालून आलेल्या पाइपात दमट हवा आणि मुंग्या, दोन्ही वर चढतात. पाइपाचं तोंड पुट्टीने बुजवा.


टेस्टबेंच

वायरमनदादांना शंभर टक्के अनुमोदन. त्यामागचं कारण सांगतो, कारण शंकासूर यांची पाण्याची रेघ त्यातच आहे.

दिवा तापतो. आतली हवा ६५ अंशांवर गेली समजा. वरून पाऊस आला, दिवा बंद केला, हवा २५ वर आली. पेटी पूर्ण बंद असेल तर आतला दाब सुमारे १२ टक्क्यांनी पडतो, म्हणजे १२ किलोपास्कल. हा दाब सव्वा मीटर पाण्याच्या उंचीएवढा भरतो! धुळीच्या चाचणीत पंपाने जास्तीत जास्त २ किलोपास्कल खेचतात. म्हणजे अंगणातला दिवा विझताना आमच्या पंपापेक्षा कितीतरी जोरात श्वास आत घेतो, आणि त्या क्षणी ग्लँडभोवती पाणी असेल तर श्वासाबरोबर तेही जातं.

दिव्यांच्या मानकाला हे माहीत आहे, म्हणून आम्ही दिवा आधी चालवून, तापवून मग पाणी मारतो. पण आमच्याकडे नवीन दिवा, नवीन गॅस्केट, एकदाच चाचणी. तुमच्याकडे रोज संध्याकाळी एक श्वास बाहेर, रात्री एक आत, वर्षानुवर्षं. गॅस्केट कडक होतं, स्क्रू सैल पडतात. त्याबद्दल आकडा काहीच सांगत नाही.

आणखी एक चोरवाट आहे, ती फार लोकांना ठाऊक नसते. केबलच्या आत, तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी चढतं. बाहेर कुठेतरी टेप गुंडाळून जोड दिलेला असतो, तो भिजतो, आणि दिवा आत श्वास घेताना पाणी केबलच्या पोटातून थेट आत ओढतो. ग्लँड ठणठणीत, गॅस्केट ठणठणीत, तरी दिव्यात पाणी. म्हणून जोड उघड्यावर नको, ६५ च्या जंक्शन बॉक्समध्येच.

चांगल्या दिव्यांना मागे नाण्यापेक्षा लहान असा पांढरा पडदा बसवलेला असतो. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही, म्हणजे दाब साठतच नाही. रंगारी त्यावर हमखास ब्रश मारतो. मारू देऊ नका.


शंकासूर

आमचा जोड टेपचाच आहे. पडवीच्या वाशावर.


वायरमन_कुडाळ

मग झालं की.

आणि भाऊ, 'फेका, नवा लावा' हे बल्बच्या बाबतीत ठीक आहे. फाटकावर लोखंड आहे, दिव्याचं अंग धातूचं, शेजारी ओलं फाटक, पोरं लोंबकळतात. आत पाणी गेलं आणि अर्थिंग नसेल तर प्रश्न दिव्याच्या किमतीचा राहत नाही. एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) असल्या गळतीला पडत नाही, तिला मोठा करंट लागतो. ३० मिलिअँपची आरसीसीबी हवी, ती करंटची गळती ओळखून वीज तोडते. आणि पावसात आरसीसीबी पडते म्हणून वायरमनला बोलावून ती बायपास करून घेणारे लोक मी बघितलेत. ती पडते म्हणजे कुठेतरी गळतंय, तेच ती सांगत असते. बाहेरच्या दिव्यांना वेगळी आरसीसीबी लावा, म्हणजे फाटकाचा दिवा गळला म्हणून घरातला फ्रिज बंद पडणार नाही.


विदर्भवारा

चंद्रपूरहून. तुमच्याकडे पाणी, आमच्याकडे कोळशाची भुकटी. आमच्यासाठी पहिला आकडाच महत्त्वाचा. ४ वाल्या दिव्यात उन्हाळाभर काळी पूड साठते, मग पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. ५४ आणि ६५ च्या किमतीत फार फरक नसेल तर आमच्या भागात सरळ ६५.

एक प्रश्न. भावाची पिठाची गिरणी आहे, तिथे ६५ लावला तर चालेल ना?


टेस्टबेंच

पीठ आत जाणार नाही, इतपत चालेल. पण हवेत उडणारं पीठ पेट घेऊ शकतं, आणि आयपीचा आकडा स्फोटापासून बचावाबद्दल काहीही सांगत नाही. त्यासाठी वेगळं मानक आहे आणि वेगळे दिवे असतात. जिथे पीठ सतत उडतं अशा जागी नुसत्या ६५ वर जाऊ नका.


थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये नुकतंच बाथरूम करून घेतलं, म्हणून त्या भागाचं लिहिते. इथे बाथरूमचे झोन असतात, आणि ते आंतरराष्ट्रीय नियमांतूनच आलेत. टब किंवा शॉवर ट्रेच्या आत झोन ०, तिथे बुडण्याच्या तोडीचं म्हणजे ७ हवं. त्याच्या वर, जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंत झोन १. बाजूला आणखी ६० सेंमी झोन २. या दोन्हींत दुसरा आकडा किमान ४.

आपल्याकडे ट्रे नसतो, शॉवरचं पाणी सगळ्या फरशीभर. त्यासाठीही आंतरराष्ट्रीय नियमांत सोय आहे: ट्रे नसेल तर शॉवरपासून १.२ मीटरपर्यंत झोन १ धरायचा. गावच्या बाथरूमचा आकार डोळ्यांसमोर आणा, बहुतेक सगळंच झोन १ मध्ये येईल. म्हणजे आरशावरचा दिवा ४४ घ्याच. छत नऊ-दहा फुटांवर असेल तर तांत्रिकदृष्ट्या झोनच्या वर जातं, पण वाफ तिथेच जाऊन बसते.

इथे २००८ पासून बाथरूमच्या सगळ्या सर्किट्सना ३० मिलिअँपचं संरक्षण सक्तीचं आहे. वायरमन_कुडाळ यांनी जे लिहिलंय तेच.

खरेदीची एक मेख. छतात खोचायच्या डाउनलाइटवर '६५' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त समोरून'. मागची बाजू २० असते. फॉल्स सीलिंगच्या वर टाकी गळत असेल किंवा स्लॅब झिरपत असेल तर त्या ६५ चा काही उपयोग नाही.


टेस्टबेंच

'फक्त समोरून' हा मुद्दा फार महत्त्वाचा. वाफेबद्दल थोडी भर घालतो. आयपीच्या चाचण्या पाण्याच्या आहेत, वाफेच्या नाहीत. बारीक फटीतून थेंब जाणार नाही, पण दमट हवा जाते आणि गार काचेवर आतून घाम येतो. बाथरूमला एक्झॉस्ट पंखा असेल तर दिवा जास्त टिकतो, ६५ पेक्षा त्याचा फायदा मोठा.

आणि हे आकडे फिटिंगचे आहेत, बल्बचे नाहीत. ६५ च्या बंद गोळ्यात नेहमीचा ९ वॉटचा एलईडी बल्ब लावला तर पाणी अडेल, पण उष्णताही अडेल. बल्बच्या बुडाशी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) असतो, तो आत भाजून निघतो. बंद फिटिंगमध्ये चालेल असं खोक्यावर लिहिलेला बल्ब घ्या, नाहीतर आत एलईडी बसवूनच येणारं फिटिंग घ्या.


ठाणे_पश्चिम

बाल्कनीच्या कठड्याला स्ट्रिप लावायची आहे, गणपती ते दिवाळी. ६५ आणि ६७ दोन्ही मिळतात. ६७ वाली घेतली की पावसात बिनधास्त?


टेस्टबेंच

उघडी स्ट्रिप २०. वरून सिलिकॉनचा थर दिला की ६५ म्हणून विकतात. पूर्ण नळीत असली की ६७. नळी आतून भरीव असली की ६८. हे सगळं अखंड रिळाचं. तुम्ही हव्या त्या मापाला कापलीत की कापलेलं टोक उघडं. टोपण लावून सिलिकॉनने बंद केलं तरच ते पुन्हा पाणी अडवेल. ते सिलिकॉनही बघून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला आणि एलईडीला खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागा.

आणि सगळ्यात मोठी गफलत ॲडॅप्टरची. स्ट्रिप ६७, ॲडॅप्टर २०, आणि ॲडॅप्टर ठेवलेला कुंडीच्या मागे. १२ व्होल्टची बाजू भिजली तर स्ट्रिप जाईल. ॲडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो, तो भिजला तर माणूस जाईल. तो घरातच राहू द्या. मीटरवर विकली जाणारी थेट २३० व्होल्टची स्ट्रिप कठड्याच्या लोखंडावर तर अजिबात नको.


चिपळूणकर_खाली

माझा प्रश्न वेगळा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा तळमजला गेला. नंतर एका दुकानदाराने अंगणातले सगळे दिवे ६७ चे घ्यायला लावले, 'बुडाले तरी चालतील' म्हणून.


टेस्टबेंच

स्वच्छ पाण्यात, १ मीटरवर, अर्धा तास. पूर याहून खोल, गढूळ आणि कितीतरी तास. शिवाय दिवा वाचला तरी त्याला जाणारे सॉकेट, स्विच, जोड बुडालेले असतातच. पुराच्या जागी पैसे दिव्याच्या आकड्यात घालण्यापेक्षा तळमजल्याचं सर्किट वरून तोडता येईल असं करून घ्या, आणि मेन बोर्ड वर न्या. पाणी चढायला लागलं की आधी ते बंद.


मालवणी_मीठ

समुद्रकाठी राहतो, म्हणून खाऱ्या हवेवर लिहितो, त्यावर इथे अजून कुणी बोललं नाही. आयपीचं पाणी साधं असतं, मिठाचं नाही. गंज हा त्याचा विषयच नाही. आमच्याकडे ६६ चे ॲल्युमिनियमचे दिवे आहेत, काच आतून कोरडी ठणठणीत, आणि अंगावर पांढरी भुकटी धरून रंगाचे पापुद्रे निघालेत. स्क्रू असे गंजले की दिवा उघडायचा तर ड्रिल मारावं लागतं. गुहागरला प्लास्टिकचं, पॉलिकार्बोनेटचं अंग घ्या, उन्हाला टिकेल असं लिहिलेलं. साधं प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडून तडकतं. स्क्रू स्टेनलेस, मिळाले तर ३१६ प्रतीचे. ३०४ ला समुद्रकाठी तांबूस डाग येतात.

प्लास्टिकच्या अंगाचा आणखी एक फायदा, तुळशीपाशी आईंचा हात लागला तरी धातू नाही.


चिऱ्याचं_घर

सगळ्यांना खूप धन्यवाद, वायरमनदादांनाही धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, 'कुडाळच्याला नंबर विचारा.' :)

असं ठरवते आहे: फाटकावर ६५, प्लास्टिक अंग, तीन कोअर गोल केबल, वेगळी आरसीसीबी. पडवीत आतल्या भिंतीला ४४, झापांजवळच्या खांबाला ६५. बाथरूममध्ये आरशावर ४४, छताला समोरून-मागून दोन्ही बाजूंनी ४४ असलेला बंद दिवा आणि एक्झॉस्ट. फ्लड लाइट ६५, माडावर.

खरा आकडा कसा ओळखायचा हे मात्र राहिलंच. छापायला काय, कुणीही काहीही छापतो.


टेस्टबेंच

यादी चांगली आहे. छापलेल्या आकड्याबद्दल: भारतात घरगुती एलईडी दिव्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते, 'आर-' ने सुरू होणारा क्रमांक दिव्यावर असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाका, कारखाना आणि मानक दिसेल. क्रमांकच नसेल तर पुढे बोलायलाच नको. पण विक्रेत्याने जाहिरातीत वाढवून लिहिलेला ६७ त्याने सिद्ध होत नाही. जाहिरातीतला आकडा आणि दिव्याच्या अंगावर कोरलेला आकडा वेगळा असेल तर अंगावरचा खरा माना. जास्त दिवे घेत असाल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि त्यावर मॉडेल तुमचंच आहे का ते बघा.

दुकानात हातात घेऊन बघण्यासारखं: गॅस्केट अखंड आणि रबरी हवं, फोमची चिकटपट्टी नको. झाकण लावताना कागदाची पट्टी मध्ये धरा, आवळून मग ओढा. सहज निघाली तर तिथून पाणीही सहज जाईल. ही परीक्षा चारही बाजूंना करा, एक कोपरा हमखास ढिला निघतो. आणि ज्या दिव्याला ग्लँड नाही, नुसतं रबरी बूच आहे, त्याच्या ६५ वर माझा तरी विश्वास नाही. घरी चालू दिव्यावर पाइप मारून चाचणी करायची नाही, हे सांगायला नको.


शंकासूर

माडावर फ्लड लाइट? नारळाचा आयपी किती?


टेस्टबेंच

त्याला वेगळा आकडा आहे, आयके. धक्का किती सोसेल तो. आयके १० म्हणजे २० जूल, ५ किलोचं वजन ४० सेंमीवरून टाकल्याएवढं. दीड किलोचा नारळ १० मीटरवरून पडला तर १४७ जूल होतात. माडाला बांधायचाच असेल तर झावळ्यांच्या छायेबाहेर येईल असा आडवा पाइप काढा. मी तरी घराच्या छपराच्या कडेलाच लावीन. माड वाऱ्याला हलतो, केबल ग्लँडपाशी रोज थोडी थोडी ओढली जाते.


निवांत_काका

पार्किंगचे दिवे उघडून बघितले. सगळ्यांना दोन सुट्या वायरी, ग्लँड नाही, भोकात कापूस. कापूस!


वायरमन_कुडाळ

काका, कापूस पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू आत सोडतो. त्यापेक्षा उघडं भोक बरं. सोसायटीला सांगून जंक्शन बॉक्स आणि केबल बदलून घ्या, दिवे तेच राहू देत.


चिऱ्याचं_घर

शेवटची शंका. तुळशीसाठी आणलेल्या दिव्याला तळाला एक बारीक भोक आहे, आणि अंगावर ६५ लिहिलंय. दोष आहे का? बाबा म्हणतात एम-सील भरून टाकू.


टेस्टबेंच

माहितीपत्रकात त्याचा उल्लेख आहे का बघा. काही दिव्यांना निचऱ्याचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. मानकात त्याला परवानगी आहे, आत आलेलं पाणी साठू नये आणि वीज असलेल्या भागापर्यंत पोचू नये, इतकी अट. ते बुजवलंत तर आतला घाम आतच राहील. मात्र भोक खाली, जमिनीकडेच राहील असाच दिवा बसवायचा. आडवा किंवा उलटा लावला तर तेच भोक पाणी आत घेईल.


वायरमन_कुडाळ

आणि मातीत गाडू नका ताई, माती भोक बुजवते. दिवा जमिनीपासून वीतभर वर घ्या, खाली खडी पसरा. आईंना सांगा, तुळशीला पाणी घालताना तांब्या त्याच्या डोक्यावर नको, दुसऱ्या बाजूने.